दोन ठिपक्यांपाशी

तिसऱ्यांदा पहिला भाग सुरू झाला तेव्हा थोरलीने चहाचा कप खाली ठेवला. चौथ्यांदा सुरू झाला तेव्हा तिने भावाकडे पाहिलं. भावाने घड्याळाकडे पाहिलं. तो लिफ्टची तपासणी करणारा सरकारी माणूस होता आणि कुठलीही गोष्ट ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालली की त्याचं मनगट आपोआप वर यायचं.

"पुन्हा?" थोरली ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"चौथ्यांदा," मामा खणखणीत आवाजात म्हणाले. मामांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे कुजबुजणं नावाचा प्रकार जगात असतो हेच ते विसरले होते.

पियानोवर बसलेल्या आईच्या पाठीला काही फरक पडला नाही. तिच्या डाव्या हाताला, स्टुलावर, बाबा नेहमीसारखे ताठ बसले होते.

रविवारची दुपार होती. पुढच्या शनिवारी संगीत विद्यालयाच्या सभागृहात आईचा शेवटचा जाहीर कार्यक्रम होता. त्या विद्यालयात तिने अडतीस वर्षं शिकवलं होतं आणि जाण्यापूर्वी आपल्या गुरूंची एक रचना वाजवून ती रजा घेणार होती. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी घरी रंगीत तालीम व्हायची आणि तिला सगळ्यांनी हजर राहायचं असा दंडक होता. पियानो पुढे कोणाच्या घरी जाणार यावरून थोरली आणि धाकट्यात दोन वर्षं अबोला होता, तेव्हासुद्धा दोघे तालमीला येत आणि शेजारी शेजारी बसून एकमेकांशी न बोलता टाळ्या वाजवत. पियानोचा एक पाय आखूड होता. त्याखाली मामांचा तिसरा कवितासंग्रह घातलेला होता, कारण त्याची जाडी बरोबर बसली. मामांना याचं वाईट वाटत नसे. बाकीच्या अकरा संग्रहांचा इतकाही उपयोग झाला नव्हता.

रचना चौदा मिनिटांची. पहिला भाग चार मिनिटांचा, तो दोनदा वाजवायचा. मग मधला भाग आणि शेवट मिळून सहा मिनिटं. पहिला भाग जिथे संपतो तिथे, सातव्या पृष्ठाच्या तळाशी, एक जाड उभी रेघ आणि तिच्याशेजारी दोन ठिपके होते. त्या ठिपक्यांचा अर्थ एवढाच, की सुरुवातीला परत जा. एकदाच जा. दुसऱ्यांदा तिथे पोचलात की ठिपके नाहीतच असं समजून पुढे चला.

हे पुढे-मागे करण्याचं काम एकेचाळीस वर्षं बाबांकडे होतं. बाबा बुकबाइंडर. त्यांना स्वरलिपीतलं अक्षर कळत नव्हतं, पण पानं कळत होती. आई मान हलवायची, ते पान उलटायचे. मान एकाच तऱ्हेची असायची. मागे जायचं की पुढे, हे बाबांनी लक्षात ठेवायचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक काळं बटन होतं. सुरुवातीला ते कोटाच्या डाव्या खिशात असे. मागे जाऊन आलं की बाबा ते उजव्या खिशात टाकत. सातव्या पृष्ठाशी आल्यावर खिसा चाचपायचा, की झालं. एकेचाळीस वर्षांत एकदाही पान चुकलं नाही. आईचे स्वर चुकले असतील. बाबांचं पान नाही.

चौथ्या वेळी मात्र रचना ठिपके ओलांडून पुढे गेली, मधला भाग झाला, शेवट झाला. आईने हात मांडीवर घेतले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, थोड्या जास्तच जोरात.

"बावीस मिनिटं," धाकटा म्हणाला, आणि बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"चहा गार झाला असेल ना तुमचा?" आई वळून म्हणाली. "थांबा, मी जरा बोटं शेकून येते."

ती आत गेली. थोरलीने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

*

थोरली दातांची डॉक्टर होती. समोरच्याचं तोंड उघडं असताना त्याच्याशी बोलायची तिला सवय झाली होती, त्यामुळे उत्तराची वाट पाहणं तिला जमत नसे.

"दार लाव. आईला काहीतरी झालंय. नाही म्हणू नका, मी बघितलंय. शनिवारचं रद्द करायचं."

"अगं, वय झालंय तिचं," धाकटा म्हणाला.

"वय माझं पण झालंय," मामा म्हणाले. ते आईचे मोठे भाऊ, शाळेत छंद आणि वृत्तं शिकवून निवृत्त झालेले. "मी नाही एक कविता चारदा म्हणत."

"मामा, तुम्ही एकच कविता चाळीस वर्षं म्हणताय," धाकटा म्हणाला.

"चौदा ओळींची आहे. म्हणताना चौदाच म्हणतो. एकदा तरी पंधरावी ऐकलीस?"

"पुरे!" थोरली म्हणाली. "शनिवारी तीनशे माणसं येणार. सगळे तिचे विद्यार्थी, म्हणजे एकूणएक माणसाला ती रचना माहीत. तिसरी फेरी सुरू झाली की खुर्च्या हलतील, ती संपेपर्यंत लोक एकमेकांकडे बघायला लागतील, आणि चौथ्या फेरीला कोणीतरी रडेल. बहुतेक मीच. मी उद्या विद्यालयात फोन करते. तिला ताप आहे म्हणून सांगते."

"ताप आलाय हे तिला कोण सांगणार?" धाकट्याने विचारलं.

"ताईंचं बरोबर आहे," सून म्हणाली. "सगळ्यांसमोर असं व्हायला नको."

धाकट्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. नणंद-भावजयींचं एकमत त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. त्याने दाढी काढावी यावर. दाढी काढावी लागली होती.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "लिफ्ट चुकीच्या मजल्यावर थांबली की लोक म्हणतात, मोटर गेली. मोटर बिचारी सांगतील तिकडे जाते. बिघाड दुसरीकडेच असतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. कामावरची सवय."

थोरलीने सुस्कारा टाकला. सुनेने मात्र हातातला घडी केलेला कागद उघडला, बघितला आणि पुन्हा मिटला.

तेवढ्यात दार ढकलून बाबा आले. त्यांच्या हातात रिकामा कप होता. सगळे इतके गप्प झाले की बाबांना विषय कळायला वेळ लागला नाही.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "तिला कोणी काही बोलायचं नाही. होतं असं. ती मागे गेली की मी पण पान मागे घेतलं. अशा वेळी अडवायचं नसतं, माणूस घाबरतं. मी सांभाळून घेतलं."

"हो बाबा," थोरली म्हणाली.

"तुम्हाला कळलं असेल, तुम्ही घरचे. बाहेरच्यांना पत्ता लागणार नाही. मी आहे ना शेजारी."

त्यांनी कप बेसिनमध्ये ठेवला, नळ सोडला, बंद केला आणि गेले. थोरलीने डोळे पुसले. "बघा. बाबांना पण कळलंय. आणि किती समजून घेतायत तिला."

*

बाबा पियानोच्या खोलीत येऊन स्टुलावर बसले. पियानोवर पुस्तक उघडंच होतं. ते त्यांनीच बांधलेलं. जुनी सुटी पानं शिवून, कण्याला कापड लावून, वर हिरवा पुठ्ठा. इतक्या वर्षांत एक टाका सैल झाला नव्हता. त्यांनी सहज कण्यावरून अंगठा फिरवला.

मग त्यांनी खिशात हात घातला. बटन डाव्या खिशात होतं.

डाव्या खिशात म्हणजे जायचंय, की जाऊन आलोय? ते थोडा वेळ विचार करत राहिले. बटन त्यांनी उजव्या खिशात टाकलं. मग ते काही बरोबर वाटेना म्हणून परत डावीकडे आणलं. आज ही बरीच गडबडली, असं त्यांच्या मनात आलं. त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी मनात येऊ लागलं, तेव्हा ते उठले आणि त्यांनी खिडकी उघडली.

*

सून कोर्टात स्टेनोग्राफर होती. खरं कोण बोलतंय हे ठरवणं तिचं काम नव्हतं. कोण काय म्हणालं आणि कोणी काय केलं, एवढंच उतरवायचं. ही खोड तिला घरीही होती. हात रिकामा असला की बोटं लिहीत सुटायची. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून तालमीला तिची जागा दाराजवळची, कडेची. बाकीच्यांना तिथून आईची पाठ दिसायची. तिला बाबांचे हात दिसायचे.

शनिवारच्या कार्यक्रमाची छापील पत्रिका तिच्या हातात होती आणि पत्रिकेच्या कोऱ्या मागच्या बाजूला सगळं लघुलिपीत उतरलेलं होतं. ते वाचायला तिला नको होतं. सासूबद्दल वाईट बोलणारी सून लोक चालवून घेतात, तशी वहिवाटच आहे. सासऱ्यांबद्दल बोलायची सोय नसते. मूग गिळून बसावं हे उत्तम, असं तिने ठरवलं, आणि त्याच क्षणी आई आत आली.

"काय ठरलं?" आईने विचारलं. "एवढ्या वेळात काहीतरी ठरलं असेलच."

थोरलीने आईचा हात धरला. "आई, रागावू नकोस. आज तू पहिला भाग चार वेळा वाजवलास."

"हो का? विसरले असेन. वय झालं आता."

आईने आयुष्यात कुठलीही चूक इतक्या पटकन कबूल केली नव्हती. साखर संपली तरी ती आधी डब्याला दोष द्यायची.

"मग शनिवारचं..." थोरली चाचरली.

"सांगून टाका त्यांना. ताप आलाय म्हणा. मला चालेल."

"आई," सून म्हणाली, "तुम्ही विसरला नाहीत."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आता सुटका नव्हती. तिने कागद उघडला आणि कोर्टात वाचतात त्या आवाजात, म्हणजे कुठल्याच शब्दावर जोर न देता, वाचलं. "सातवं पृष्ठ. आईंनी मान हलवली. बाबांनी पानं मागे घेतली. पहिला भाग. सातवं पृष्ठ. आईंनी मान हलवली. बाबांनी डावा खिसा चाचपला, उजवा चाचपला, पानं मागे घेतली. आई थांबल्या. बाबांकडे बघितलं. पहिला भाग वाजवला. सातवं पृष्ठ. मान हलवली. बाबांनी पानं मागे घेतली. आई थांबल्या. हसल्या. पहिला भाग वाजवला."

"हसल्या?" मामांनी विचारलं.

"हसल्या असं लिहिलंय."

"तो कागद इकडे दे," आई म्हणाली. तिने त्याची चार घड्या करून पुडी केली आणि साखरेच्या डब्यात टाकली. मग ती खुर्चीवर बसली. बसताना एकदम म्हातारी दिसली. "तीन महिने झाले. एका सकाळी पहिल्यांदा झालं. मला वाटलं, झोप नीट झाली नसेल. मग वरचेवर व्हायला लागलं."

"आणि तू काही बोलली नाहीस?" थोरलीचा आवाज चढला. "आम्हाला नाही, त्यांना नाही!"

"बोलले असते तर त्यांनी पुन्हा पानाला हात लावला नसता. ओळखते मी त्यांना. एकदा एका गिऱ्हाइकाने पुठ्ठा वाकडा म्हणून सांगितला तर आठवडाभर दुकान उघडलं नव्हतं त्यांनी. आणि पुठ्ठा सरळ होता." तिने टेबलावरचा कणभर चुरा बोटाने गोळा केला. "म्हणून मी आपली वाजवत राहिले. चांगली रचना आहे, जास्त वेळा वाजवून झिजत नाही."

"पण आई, तुला ती पाठ आहे ना?" धाकटा म्हणाला.

"तीस वर्षांपासून."

"मग पुस्तकाशिवाय वाजव! इतका वेळ आम्ही इथे डोकं फोडतोय. काखेत कळसा!"

"आणि ते कुठे बसतील?"

"पहिल्या रांगेत. आमच्यासोबत."

"नको," आई म्हणाली. "ते खाली बसून माझ्याकडे बघणार आणि मी वर एकटी वाजवणार, असला कार्यक्रम मला नकोच. मला पानं लागत नाहीत रे. मला ते लागतात. पहिल्या कार्यक्रमाला माझे गुडघे इतके कापत होते की पायाखालचं पेडल वाजत होतं. हे शेजारी येऊन बसले, आणि कापायचं थांबलं. तेव्हापासून ते तिथे नसताना मी लोकांसमोर एक स्वर वाजवलेला नाही. शेवटचाही वाजवणार नाही. ते स्टुलावर असतील आणि कोणी हसणार नसेल, तर मी वाजवीन. नाहीतर मला ताप आहे."

थोरली बाकीच्यांच्या उत्तराची वाट बघत राहिली. हे तिच्या बाबतीत इतकं नवीन होतं की धाकट्याला तिची दया आली.

"बाबांना डॉक्टरकडे न्यायला हवं," ती शेवटी म्हणाली.

"नेऊ. कार्यक्रमानंतरच्या सोमवारी. शनिवार तेवढा जाऊ दे."

"माझ्या पहिल्या संग्रहाच्या वेळची गोष्ट सांगतो," मामा म्हणाले.

"मामा, आत्ता नको," धाकटा आणि थोरली एकदम म्हणाले. एकदम बोलायची त्यांची तीन वर्षांतली ही पहिलीच वेळ.

"ऐका रे. दोन मिनिटं. त्यात माझं एक गीत होतं, पाच कडव्यांचं. छापणाऱ्याने ध्रुवपद एकदाच छापलं आणि पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'ध्रु.' टाकलं. त्याला वाटलं, वाचणारा मागे जाईल, ध्रुवपद म्हणेल आणि परत जागेवर येईल. कोण जातंय! कोणी मागे जाऊन तिथेच रमायचे, कोणी जायचेच नाहीत. गीताचा पार खुळखुळा झाला. दुसऱ्या आवृत्तीत मी हट्टाने ध्रुवपद पाचही वेळा पुरतं छापून घेतलं. मागे जायची भानगडच नाही. वाचणाऱ्याने फक्त पुढे जायचं, ध्रुवपद आपणहून समोर येतं."

"दुसरी आवृत्ती निघाली होती?" थोरलीने विचारलं.

"स्वखर्चाने."

सून आधी उठली. "पहिला भाग सहा पृष्ठांचा आहे," ती म्हणाली. "म्हणजे तीन पानं. मी झेरॉक्स काढून आणते. मध्ये घालायची. ठिपके पांढरे करायचे. मग बाबांनी नुसतं पुढे उलटायचं."

"आणि बटन?"

"बटनाचं कामच नाही."

धाकट्याने टेबलावर थाप मारली. थोरलीने भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काय केलं हे लक्षात येताच तो तसाच राहू दिला. आई मात्र नकारार्थी मान हलवत होती.

"ते पुस्तक बांधलेलं आहे. पानं घालायची तर शिवण उसवावी लागेल. आणि ते पुस्तक कोणी बांधलंय?"

सगळ्यांचा आनंद जागच्या जागी थांबला. बाबांच्या पुस्तकात बाबांच्या नकळत एक टाकाही घालता आला नसता. दुसऱ्या बाइंडरकडे दिलं असतं तर ते त्यांना पुठ्ठ्याच्या वासावरून कळलं असतं.

"म्हणजे त्यांनाच सांगायला हवं," सून म्हणाली.

"मी सांगते," आई म्हणाली. "मी विसरते, हे मी आधीच कबूल केलंय. चार साक्षीदार आहेत."

*

बाबा खिडकीशी उभे होते. आईने पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. बाकीचे चौघे दारात, फोटो काढायला उभे राहावे तसे.

"अहो, ऐका ना. हल्ली माझा गोंधळ होतो. त्या ठिपक्यांपाशी आले की मागे जाऊन झालंय की नाही तेच आठवत नाही. आज बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं," बाबा म्हणाले. "पण त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी असतो ना."

"असता हो. पण लोकांसमोर मला भीती वाटते. म्हणून हे सगळे म्हणतायत की पहिला भाग दोनदा पुरता घालून टाकावा पुस्तकात. तीन पानं वाढतील. म्हणजे मला मागे जायलाच नको. घालून द्याल?"

बाबांनी पुस्तक घेतलं. चष्मा कपाळावरून खाली आणला. "कुठे घालायची?"

"सातव्या पृष्ठानंतर," मामा म्हणाले.

"सातव्यानंतर कशी घालाल? सातव्याच्या पाठीवर आठवं आहे." बाबांनी पान उचलून उजेडात धरलं. "सातवं वाजवून पान उलटलं की समोर आठवं येणार. तुमची तीन पानं त्याच्याही पुढे. घोटाळा होईल. ती सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये घालायची. पहिल्या जादा पानाच्या पुढच्या अंगाला सातवं, मागच्या अंगाला दुसरं, कारण रचना दुसऱ्या पृष्ठावर सुरू होते. मग तीन-चार, मग पाच-सहा. म्हणजे जुनं सातवं आपोआप शेवटी येतं आणि त्याच्यामागे आठवं. आणि ठिपके दोन्ही सातव्यांवरचे घालवायचे, एकावरचे नाही."

धाकटा बोटांवर हिशेब करत होता. दोनदा केला. बरोबर होता.

थोरली वळून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांडी घासत असल्यासारखा आवाज आला. भांडी मघाशीच घासून झाली होती.

"बुधवारी सकाळी देतो," बाबा म्हणाले. "खळ वाळायला वेळ लागतो. आणि झेरॉक्सचा कागद जाड घ्या जरा. पातळ असला की उलटताना दोन एकदम येतात."

*

बुधवारी सकाळी आईला जाग आली ती दाभण टेबलावर ठेवल्याच्या आवाजाने. ती गेली तेव्हा बाबा पुस्तक वजनाखालून काढत होते. हिरवा पुठ्ठा तोच, कण्याचं कापड नवं. तिने पानं चाळली. तीन नवी पानं जुन्यांत अशी बसली होती की रंगामुळेच ओळखू आली. ठिपके होते तिथे कागदाचे दोन बारीक तुकडे चिकटवले होते, कडा इतक्या घासून पातळ केलेल्या की बोटाला लागत नव्हत्या.

"छान झालंय," ती म्हणाली.

बाबा सुईतला उरलेला दोरा गुंडाळत होते. ते बराच वेळ गुंडाळत राहिले.

"शिवताना एक विचार आला," ते म्हणाले. "तुला हे सगळं पाठ आहे ना गं?"

आईने पुस्तक मिटलं. खोटं बोलायची तिची तयारी होती. रविवारपासून तिला चांगला सराव झाला होता. पण ते वर बघत नव्हते, आणि त्यांचे हात थांबले होते.

"हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"झाली असतील तीस वर्षं."

"म्हणजे तू पानाकडे बघतच नाहीस."

"नाही बघत."

"मग पान मागे गेलं काय आणि पुढे गेलं काय, तुझा गोंधळ व्हायचं कारण नाही." त्यांनी दोऱ्याची गुंडी टेबलावर ठेवली. "गोंधळ पान उलटणाऱ्याचा होतो."

खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर केलं. आई त्यांच्या शेजारी बसली.

"मी तीस वर्षं कशाला उलटतोय मग?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"मला बरं वाटतं म्हणून," आई म्हणाली. "तुम्ही शेजारी असलात की मला भीती वाटत नाही. दुसरं काही कारण नाही. पाठ झालंय असं सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता."

बाबांनी यावर विचार केला. "गेलो असतो," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून बटन काढलं आणि पुस्तकावर ठेवलं. पहिल्या कार्यक्रमाला ते तिच्या काळ्या कोटावरून तुटून मंचावर पडलं होतं. त्यांनी ते उचलून नुसतं खिशात टाकलं होतं, आणि वाजवून झाल्यावर परत द्यायचं राहून गेलं होतं.

"घे. मागे जायचंच नाही, तर याचं काय काम."

"राहू दे तुमच्याकडे."

"नको. विसरीन कुठेतरी."

हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी वापरला होता. आईने बटन उचललं. एवढ्या वर्षांत त्याची कड गुळगुळीत झाली होती. ती उठली, कपाटातून तो कोट काढून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"चार बटनांवर किती वर्षं काढायची माणसाने?" ती म्हणाली. "सुई हातात आहे तोवर लावून टाका."

बाबांनी बाइंडिंगच्या जाड दोऱ्याने बटन लावलं. कोट तुटेल पण बटन तुटणार नाही, असं ते म्हणाले. कोट तिला वीस वर्षांपासून बसत नव्हता. पाचातलं एकही बटन लागलं नाही. तिने तो तसाच उघडा अंगावर ठेवला आणि पियानोवर जाऊन बसली. बाबा स्टूल घेऊन तिच्या डाव्या हाताला बसले.

सातव्या पृष्ठाच्या तळाशी तिने मान हलवली. बाबांचा हात सवयीने खिशाकडे गेला, तिथे काही नव्हतं, आणि त्यांनी पान पुढे उलटलं. समोर पुन्हा सुरुवात होती.